सहा आठवडे पाय नको

तीस वर्षं मी लोकांच्या अंगणात हिरवळ लावतोय आणि माझ्या स्वतःच्या मागच्या अंगणात नुसती माती. बायको म्हणायची, "तुमचं काम सगळ्या गावाला माहीत, फक्त आपल्याला नाही." टोमणा मारावा तो तिनेच. वर खोटंही बोलत नाही, म्हणजे भांडायलाही जागा नाही.

पण अंगणही तसलंच. वर मोठं झाड, दिवसभर सावली, खाली दोन कुत्री. थोरला चौदा वर्षांचा. धाकटी दोनची, अंगात वारं शिरल्यासारखी कुंपणाच्या कडेने धावत सुटणारी. तिथे गवत काय टिकणार, कपाळ? आम्हाला मूलबाळ नाही. कुत्र्यांना थोरला-धाकटी का म्हणतो, हे आणखी कशाला सांगू.

यंदा थोरल्याचे मागचे पाय गेले. घरात फरशीवर घसरायचा, बाहेर मातीत बसला की कोपरं सोलवटायची. बायको एके दिवशी म्हणाली, "त्याला मऊ जागा करून द्या. बाकी मी काही मागत नाही."

मी हट्टालाच पेटलो. झाडाच्या खालच्या फांद्या उतरवल्या, सकाळचं ऊन तरी आत यावं म्हणून. माती वीतभर खणली, रेती आणि खत मिसळलं. सावलीत तग धरणारं, रुंद पात्याचं गवत आणून काडी-काडी लावली. धाकटीच्या धावण्याच्या वाटेवर मात्र गवताचा नाद सोडला, तिथे झाडाच्या सालीचे तुकडे पसरले. मग भोवती जाळी ठोकली आणि जाहीर केलं, "सहा आठवडे आत कुणाचा पाय नको."

थोरला रोज सरपटत जाळीपाशी यायचा आणि नाक लावून पडून राहायचा. चौथ्या आठवड्यात गवत चांगलं दाट झालं.

"अहो, कोपऱ्यात तरी सोडू या त्याला," बायको म्हणाली.

"मुळं धरू देत. आत्ता दाबलं तर सगळी मेहनत वाया."

पाचव्या आठवड्यात जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. फार दिवस नाहीत, त्याला हवं ते करू द्या, असं ते दारातच तिला सांगून गेले. तिने लगेच येऊन मला सांगितलं. मी तिला कॅलेंडर दाखवलं. "नऊच दिवस राहिलेत. चौदा वर्षं काढली त्याने, नऊ दिवस नाही काढणार?"

हे मी बोललो. माझ्या तोंडाने. ती जाळीच्या अलीकडे सतरंजी टाकून त्याच्याजवळ बसली.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी तो तिथेच, सतरंजीवर गेला.

त्याला आतच पुरायचं, असं ती म्हणाली. मी जाळी सोडवली. थोरला आता अगदी हलका झाला होता. ती त्याला दोन्ही हातांवर घेऊन कडेला थांबली.

"आता पाय दिलेला चालेल ना?" तिने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी फावडं घातलं, तर गवत निघेना. वाकून हाताने झुपका ओढला, तरी निघेना. पाय देऊन फावडं रोवलं तेव्हा कुठे ढेकूळ सुटलं, आणि त्याच्या खाली पांढऱ्या मुळांचं दाट जाळं. लोकांकडे मी दर दोन-तीन दिवसांनी एक झुपका असाच हलकेच ओढून बघतो. घट्ट लागला की झालं, मग चार आठवडे होवोत नाहीतर सहा. घरच्या गवताला तसा हात लावायला माझं मन झालं नाही. एकही काडी हलू नये म्हणून मी नुसते दिवस मोजत बसलो होतो.

"मुळं धरलीत गं," मी म्हणालो.

"कधी?"

"आठवडा तरी झाला असेल."

ती आत आली. खड्ड्याच्या बाजूला, जिथे गवत सगळ्यात दाट होतं, तिथे तिने थोरल्याला कुशीवर ठेवलं, त्याचे मागचे पाय नीट सरळ केले आणि शेजारी बसली.

"थांबा," ती म्हणाली. "थोडा वेळ पडू दे त्याला इथे."