झाकणावरचा मासा

जपानातल्या सेंदाई शहरच्या हिसानोबु कुरामोचीने बावीस वर्षांत चार हजार आठशे अकरा इन्स्टंट रामेन चाखले होते, आणि त्यातल्या एकालाही भिडेखातर अर्धा गुण जास्त दिला नव्हता. साधं रामेन तो चाखतच नसे. ते काय, कोणीही चाखेल. कलिंगडाच्या रश्शाचं, पुदिना-चॉकलेटचं, कुठल्याशा आडगावच्या कारखान्याने डोकं लढवून काढलेलं आणि सहा महिन्यांत बंद पडणारं, असलं काहीतरी त्याला लागे. रोज दुपारी बाराला एक कप. आधी रस्सा, मग नूडल्स, मग वेबसाइटवर चार ओळी आणि दहापैकी गुण. दहापैकी दहा त्याने कोणालाच दिले नव्हते. वाचणाऱ्यांना हेच आवडायचं. दुसऱ्याची खरडपट्टी निघताना कोणाला आवडत नाही?

"लग्नानंतर पहिल्या दिवशी माझ्या हातचं खाऊन तोंड वाकडं केलंत, ते अजून सरळ झालेलं नाही," असं त्याची बायको फुमियो म्हणायची. त्यावर तो म्हणे, "मीठ जास्त होतं." आणि खरोखरच जास्त होतं.

लिहिल्यावर लिहिलेलं बदलायचं नाही, हा त्याचा नियम. कारखानदार फोन करत, रडत, एकदा तर एकजण टरबुजांची पेटी घेऊन दारात आला होता. हिसानोबुने पेटी परत पाठवली.

ऑक्टोबरात ओगाहून तेत्सुरो सावागुचीचं पार्सल आलं. तेत्सुरो त्याचा शाळेतला मित्र, एका बाकावरचा. तीस वर्षं त्याच्या छोट्या कारखान्यात दुसऱ्यांच्या नावाने नूडल्स वाळत होत्या. आता पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या नावाचं रामेन काढलं होतं, त्यांच्या किनाऱ्यावरच्या हाताहाता माशाचं. मासे मिठात घालून चार वर्षं पिंपात मुरवायचे, त्याचं जे पाणी सुटतं ते रश्शात. रिवाजाप्रमाणे कप दोन होते, एक चाखायला आणि एक फोटोला. सोबत चिठ्ठी होती: "मैत्री बाजूला ठेव. तुझ्या जिभेला काय वाटतं तेवढंच लिही. मला तेवढंच हवंय."

हिसानोबुने मैत्री बाजूला ठेवली. चाखलं. आणि लिहिलं, "झाकणावर मासा आहे, रश्शात नाही." दहापैकी तीन.

वाक्य लोकांना फार आवडलं. ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. पुढे कुठल्याही फसव्या मालाला लोक तेच वाक्य चिकटवू लागले आणि हिसानोबुला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. तेत्सुरोचा फोन आला नाही. तो रुसणारा गडी नव्हे हे हिसानोबुला ठाऊक होतं, म्हणून त्यानेही केला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेत्सुरोच्या बायकोचा, मिनेकोचा फोन आला.

"भावजी, यांना यकृताचा कॅन्सर आहे. गेल्या वर्षीपासून. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. तुम्ही दयेने लिहाल म्हणून. आता डॉक्टर म्हणतात, चार दिवस, फार तर आठवडा."

फोन ठेवल्यावर हिसानोबुला काय करावं कळेना. काहीतरी हातात हवं म्हणून त्याने तेत्सुरोच्या कपाचं झाकण काढायला घेतलं. चाखलेल्या प्रत्येक कपाचं झाकण तो वहीत चिकटवून ठेवी, त्याआधी महिनोन्महिने जाड पुस्तकांखाली दाबून सपाट करी. पुस्तकं उचलली. झाकण उलटं होतं. सुलटं केलं तर त्याला एक पुडी चिकटलेली. बोटाएवढी, चपटी, आत तपकिरी पाणी.

त्याने झाकण दिव्याखाली धरलं.

पुड्या झाकणावर ठेवून वाफेवर गरम करायच्या, हे तर शेंबडं पोरही जाणतं. त्या दिवशी दोन होत्या. तेलाची मोठी त्याने उचलून ओतली होती. छोटी दिसलीच नव्हती. झाकण उपडं टाकलं, ओल्या वाफेने ती चिकटली, वर पुस्तकांचं ओझं. फुटली असती तर वासाने तरी कळलं असतं, पण तीही फुटली नाही. झाकणावर स्वच्छ छापलं होतं: "छोटी पुडी अगदी शेवटी, खायच्या क्षणी घालावी." चार हजार आठशे कप चाखलेला माणूस सूचना कशाला वाचतो? इतकी घमेंड आली होती मेल्याला.

फोटोचा कप तसाच कपाटात होता. त्याने पाणी ठेवलं, तीन मिनिटं घड्याळाकडे बघत बसला, तेल घातलं, त्या कपातली छोटी पुडी शेवटी घातली. एक घोट घेतला.

फुमियो आत आली तेव्हा तो कप दोन्ही हातांत धरून रडत होता.

"अहो, काय झालं?"

"मासा आहे गं," तो म्हणाला. "सगळा समुद्र आहे यात."

तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला. त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःचा नियम मोडून दुसरा मजकूर टाकला. चूक माझी, पुडी मी घातलीच नव्हती, दहापैकी दहा. आणि सकाळची पहिली गाडी धरली.

ओगात बर्फ भुरभुरत होतं. मिनेको दारातच भेटली. थकलेली होती, पण केस नीट विंचरलेले.

"काल टाकलंत ते मी वाचून दाखवलं यांना. हसले."

"वहिनी, ते खरं आहे."

ती त्याने काढलेले बूट सरळ करायला वाकली. "तुम्ही आलात तेच खूप आहे, भावजी." मग उठताना म्हणाली, "तुमचं पहिलं आलं ना, तेव्हा यांना वाटलं औषधांनी आपलीच जीभ मेली. रोज त्या पिंपातलं थेंब थेंब चाखायचे, मला विचारायचे, लागतंय का गं? मी हो म्हटलं तर म्हणायचे, तू बायको आहेस. शेवटी एक दिवस उठले आणि माणसं लावून पिंप धक्क्यावरून समुद्रात ओतलं. चार वर्षांचं. यंदा जाळ्यात मासाही नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर हिसानोबुला सोपं गेलं असतं.

तेत्सुरो खिडकीशी अंथरुणावर होता. चेहरा पिवळा, हात काटकीसारखे. दोन दिवस पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं.

"आलास, हिसा. काय रे, म्हातारा झालास."

"तू कोण मोठा तरणा लागून गेलास."

दोघं हसले. मग हिसानोबु गुडघ्यांवर बसला, कपाळ चटईला टेकवलं आणि सगळं सांगितलं. झाकण, पुडी, पुस्तकं, दुसरा कप. खिशातून ती न फुटलेली पुडी काढून समोर ठेवली.

तेत्सुरोने ती उचलून उजेडात धरली. "कप दोन पाठवले होते. दुसऱ्यातली काढून आणलीस."

"नाही रे! दुसऱ्यातली मी घातली, खाल्ली!"

"हिसा, तू पुडी विसरलास? तू? शाळेत जेवणाच्या डब्यातलं लोणचं कुठल्या दुकानातलं ते सांगणारा तू?" त्याला धाप लागली. "काल मिनेकोने फोन केला, कालच तुला पुडी सापडली. जरा बरी थाप मार की."

"फोनमुळेच सापडली. मी तुझं झाकण बघायला काढलं म्हणून."

"बरं."

"फुमियोला विचार. तिनेही चाखलं."

"वहिनीलाही पढवलंस." तेत्सुरो खरंच खूश दिसत होता. "बावीस वर्षांत कोणासाठी खोटं लिहिलं नाहीस. माझ्यासाठी लिहिलंस. आभार मानतो. पण ते दहा गुण मला नकोत."

हिसानोबु काहीतरी बोलायला गेला. तेत्सुरोने त्याचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

"ऐक. मी चाललो. मला आता गोड बोलणारे पुष्कळ आहेत. तुझ्याकडून मला एकच हवं होतं आणि अजून तेच हवंय. शेवटचं खरं सांग. माझ्या रश्शात काय कमी होतं?"

काहीच कमी नव्हतं. हे हिसानोबुने आत्ताच तीनदा सांगितलं होतं आणि चौथ्यांदा सांगितलं तरी ते दयेच्याच खात्यात जाणार होतं. इतकी वर्षं तो जे लिही ते लोक डोळे मिटून मानत, आणि आज एका माणसाला एक खरी गोष्ट पटवता येत नव्हती. त्याने मित्राच्या तोंडाकडे पाहिलं. तेत्सुरो वाट बघत होता, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी.

हिसानोबुने घसा साफ केला. आवाज नेहमीचा काढला, कोरडा, वेबसाइटवरचा.

"आलं जरा जास्त झालंय," तो म्हणाला. "शेवटी घशाला लागतं. त्याचे दोन गुण कापतो."

तेत्सुरोचे डोळे एकदम जागे झाले.

"आलं? हो. हो रे. मिनेकोपण म्हणत होती. आणि मासा?"

"मासा आहे. आल्यामागे आहे, पण आहे. शेवटच्या घोटापर्यंत."

"म्हणजे आठ."

"आठ. आणि आठ मी आजवर किती वेळा दिलेत ते तुला माहीत आहे."

"दोनदाच दिलेस," तेत्सुरो म्हणाला. आता त्याचा विश्वास बसला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्याने छोटी पुडी पुन्हा उचलली, बोटांत फिरवली, आतलं पाणी इकडून तिकडे गेलेलं बघितलं.

मग हळू म्हणाला, "म्हणजे माझी जीभ ठीक होती."

"ठीक होती रे."

"मग मी ते पिंप उगाच ओतलं, हिसा."

हिसानोबुने त्याचा हात धरला. बाहेरच्या खोलीत मिनेको चहा करत होती, कपांचा आवाज येत होता. तेत्सुरोने तोंड खिडकीकडे वळवलं आणि आवाज न करता रडू लागला.