बशीखालची गोळी

बशीखाली ठेवायची गोळी पद्मजानं त्या सकाळी काढलीच नाही. नाचणीच्या पिठाचा डबा उघडला, आतलं पाकीट बोटांनी चाचपलं आणि झाकण दाबून लावून टाकलं. मग चहा गाळला आणि धाकट्या जावेला हाक मारली.

श्रावणी नाक पुसत आली. सवयीनं तिनं बशी उचलून खाली बघितलं.

“आज नाहीच ना?” तिचा घसा पार बसला होता.

“काल सांगितलं ना. सर्दीचं औषध चालू आहे तोवर ती गोळी बंद. पाच दिवस.”

“बरं झालं बाई तुम्हाला विचारलं. मी आपली दोन्ही घेत बसले असते.”

पद्मजा ओट्यावर न सांडलेला चहा पुसत राहिली.

दहा महिने हे असं चाललं होतं. सासूबाईंना धाकटीच्या खोलीतली गादी रोज उचलून झटकायची भारी हौस, आणि नातवाची त्याहून भारी. नाचणी मात्र त्यांना डोळ्यांसमोर नको असायची. म्हणून हा डबा. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच श्रावणीनं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं ते पाकीट पद्मजाच्या हातात दिलं होतं. “नोकरी लागून जरा बस्तान बसेपर्यंत सांभाळा, ताई. अनिमेषचं नि माझं ठरलंय, पण आईंना कळलं तर माझी काही खैर नाही.”

आणि औषधातलं पद्मजाला कळायचं, ते काही खोटं नव्हतं. मोहोळला तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान. लग्नाआधी चार वर्षं ती तिथं उभी राहायची. घरात कुणाला शिंक आली तरी आधी तिला विचारत. श्रावणीनं दाखवलेल्या गोळ्या, खोकल्याचं औषध, घशाच्या चघळायच्या वड्या, सगळं तिनं नीट वाचलं होतं. त्यातलं काहीसुद्धा त्या रोजच्या गोळीच्या आड येणारं नव्हतं. क्षयाची औषधं असती तर गोष्ट वेगळी, सारख्या उलट्या होत असत्या तरी वेगळी. वडिलांनी हे पन्नास बायकांना तिच्यादेखत समजावलं होतं. तरी ती म्हणाली होती, बंद ठेव.

कारण आदल्याच दिवशी श्रावणीचा नेमणुकीचा कागद आला. तलाठी, गाव माढा तालुक्यातलं. हल्ली पदाचं नाव बदललंय म्हणे, पण लोक तलाठीच म्हणतात. पेढे वाटून झाले आणि एकनाथ, पद्मजाचा नवरा, फोनवर ज्याला त्याला सांगत सुटला, “आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी!”

पद्मजा तिथंच चटणीसाठी शेंगा सोलत बसली होती. अकरा वर्षांपूर्वी तिलाही असाच कागद आला होता, मोडनिंबचा. तेव्हा तिला चौथा महिना होता, पोटात पाणी ठरत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, आता कुठं तडफडत जातेस, पुढच्या वेळी बघू. एकनाथही हो म्हणाला. मुलगी झाली, ती आता दहा वर्षांची आहे; पुढची वेळ काही आली नाही. आणि आता त्याच माणसाच्या तोंडी ‘पहिली’!

जळाली ती, सरळ सांगायचं तर. आणि राग कुणावर निघावा? नवऱ्यावर नाही, सासूवर नाही. ताई ताई करत मागं फिरणाऱ्या ह्या पोरीवर. होऊ देत हिलाही उलट्या, कळू दे हिलाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच संध्याकाळी श्रावणी औषधाची पिशवी घेऊन विचारायला आली.

दुपारी सासूबाई सिद्धेश्वराला गेल्या. पद्मजा वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरत होती. खोलीत श्रावणी तिच्या आईशी फोनवर बोलत होती. फाटक्या आवाजात एकेक शब्द ओढून काढत होती.

“नाही गं आई, पहिली मी नाही. पहिल्या पद्मजाताई. त्यांना जाऊ दिलं नाही, एवढंच. भाऊजी विसरले असतील, मी नाही विसरणार.”

पद्मजा जिन्यात उभी राहिली. मग कपडे तसेच कठड्यावर टाकून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्यात गोळी, पिठानं माखलेली.

“घे. आत्ताच्या आत्ता.”

“पण तुम्हीच म्हणालात—”

“खोटं म्हणाले. सर्दीच्या औषधानं ह्या गोळीला काही होत नाही. थोडा उशीर झालाय, पण आजच्या आज घेतलीस तर चालतं.”

श्रावणीनं गोळी घेतली. पाणी प्यायली. मग तिच्याकडे बघत म्हणाली, “मला दिवस जावेत म्हणून?”

“हो.”

 पद्मजा कठड्यावरचे कपडे घड्या करायला घेऊन गेली.

दुसऱ्या सकाळी तिनं नाचणीचा डबा उघडला. पाकीट नव्हतं. तिनं पिठात मनगटापर्यंत हात घालून बघितलं, मग हात धुतले आणि चहा ठेवला.

श्रावणी आली. बशी उचलून बघितली नाही.

“गोळी मी घेतली,” ती म्हणाली. “आता माझी मीच घेत जाईन.”

“बरं.”

श्रावणी उभ्या उभ्याच चहा प्यायली. कप विसळून पालथा घातला आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

“सोमवारी हजर व्हायचंय. पहिल्या दिवशी बरोबर याल? सातबारा कसा लिहितात, मला काही म्हणजे काही येत नाही.”

पद्मजानं गॅस बंद केला.

“मला तरी कुठं येतं,” ती म्हणाली.