गाळलेली खाडी

उत्तरा परचुरेचं डोकं त्या महिन्यात कायम फिरलेलं असायचं, आणि त्याला कारण होती खाडी. म्हणजे खाडी बिचारी नव्हे, तिचं पाणी. आणि पाण्यालाही दोष देण्यात अर्थ नव्हता. खरा ताप होता तो ते पाणी प्रयोगशाळेत आल्यावर जे सोंग करायचं त्याचा.

दिवा स्टेशनाजवळच्या कोळीवाड्यात काठावर उभं राहिलं की रंगाच्या कारखान्याचा नाला कधी जांभळा, कधी तपकिरी होऊन खाडीत उतरताना उघड दिसायचा. वास असा, की बोलायला तोंड उघडायची धास्ती वाटावी. खेकडे-चिंबोऱ्या काठाला येऊन उताण्या पडलेल्या असायच्या. पण तेच पाणी बाटलीत बसून डोंबिवलीला कॉलेजात आलं, की पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं गुणी व्हायचं. रंग नाही, गाळ नाही, घाण अगदी बेताची. हे एकदा झालं असतं तर उत्तराने सोडून दिलं असतं. पण दर महिन्याला तेच.

तिने रसायनं बदलली. तराजू तपासला. प्रयोगशाळेतला शिपाई मोरू बाटल्या विसळताना नळाचं पाणी आत ठेवतो की काय असा संशय घेऊन त्याच्याशी भांडली. मोरू चार दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि आकडे होते तिथेच राहिले.

एरवी संशोधनात असं चालतंच म्हणून तिने धीर धरला असता, पण साल अठ्ठ्याऐंशी संपत आलं होतं आणि ठाण्याच्या कचेरीत सुनावणी लागली होती. नाला बंद करावा म्हणून कोळीवाड्याने अर्ज केला होता. कारखान्याकडे वकील होता, मॅनेजर होता. वाड्याकडे नाकाला येणाऱ्या वासाशिवाय पुरावा नव्हता. 'मी देते ना आकडे, माझं संशोधन त्याच खाडीवर आहे,' असं उत्तरानेच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. त्या भरवशावर माणसं बसली होती. मुदत आली तेव्हा जे आकडे होते ते तिने मुकाट्याने कचेरीत पाठवले. खोटे आकडे देणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि बाटलीत भरलेलं पाणीच खोटं असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

नमुने आणायचं काम आवडाबाईकडे होतं. आवडाबाई त्याच वाड्यातली. तिच्या नवऱ्याची, धाकूची, अर्जावर पहिली सही. ती रोज डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायला यायची, तेव्हा ओहोटीचं पाणी पहाटे भरून येता येता कॉलेजात देणं तिलाच सोयीचं. पहिल्या खेपेला उत्तराने स्वतः जाऊन दाखवलं होतं: इथे उभं राहायचं, अशी बुडवायची, असं बूच लावायचं. बाई हुशार, एकदा सांगून कळलं. बाटल्या इतक्या लख्ख पुसून आणायची की उत्तराने प्राध्यापकांसमोर तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी महिन्याचा नमुना यायचा होता, आणि उत्तराला राहवलं नाही. न कळवता, उजाडता उजाडता ती वाड्यावर पोचली. आवडाबाई अंगणातच होती. समोर तांब्याचं घंगाळ, घंगाळात खाडीचं पाणी. बाईने त्यात तुरटीचा खडा फिरवला आणि निवांत चूल पेटवायला गेली. पाणी निवळल्यावर आली, जुन्या लुगड्याचा पदर दुहेरी करून कळशीवर ताणला, वरचं वरचं पाणी हलक्या हाताने त्यातून ओतलं, आणि मग कॉलेजची काचेची बाटली भरली. पदरावर राहिलेला जांभळट चोथा तिने माडाच्या बुंध्याशी झटकला.

उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आवडाबाई, हे काय चाललंय?"

"आलीस बाय? बस. पानी भरतंय तुझा."

"दर वेळी असंच भरता?"

"मंग? तशी घान देऊ तुला?"

उत्तराने कपाळाला हात लावला. "अहो, मला ती घाणच हवी होती. घाण मोजायलाच तर घेते ना मी पाणी."

"मोज की. कोन नाय बोलतंय." आवडाबाईला तिचा राग खरंच कळत नव्हता. "पन कालेजात मोठी मोठी मानसं. बाटलीवर आमचे गावाचं नाव चिकटवतेस तू. बाजारात बाया माझी मासली हुंगतात न् ठेवून देतात, बोलतात राकेलचा वास येतंय. आता कालेजात पन हुंगायचं? सासूला दवाखान्यात नेली तवा आंघोल घातली, नवा लुगडा नेसवला, मंग नेली. आजारी झाली म्हनून तशीच न्याची काय?"

"तिचा ताप धुऊन काढला नव्हता ना पण तुम्ही," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "इथे तापच धुऊन टाकलात. कचेरीत काय गेलंय माहीत आहे? तुमची खाडी छान आहे, म्हणून गेलंय. माझ्या सहीने."

आवडाबाईने भरलेली बाटली उलटी करून रिकामी केली आणि ती घेऊन आत गेली. उत्तरा तशीच पाय आपटत निघाली. परतीच्या वाटेवर ती मनातल्या मनात बाईला बोलत होती, स्वतःला बोलत होती, आणि दोघींपैकी कोणावर जास्त चिडावं हे तिचं ठरत नव्हतं. पहिल्या खेपेला काठावर नाक दाबून उभी राहिली ती, नंतर पुन्हा फिरकली नव्हती. पहाटे उठवत नाही, कॉलेज असतं, आणि आवडाबाई आहेच की.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कचेरीत कारखान्याचा मॅनेजर सफारी घालून आला होता. त्याने उत्तराचेच आकडे सुनावणी घेणाऱ्या साहेबांना वाचून दाखवले, आणि वर परचुरे मॅडमसारख्या निःपक्षपाती संशोधकांचे आभार मानले. मागच्या बाकावर धाकू आणि आवडाबाई बसली होती. आवडाबाईच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

उत्तरा उठली. "साहेब, हे आकडे मी मागे घेते. ते बरोबर नाहीत."

"आत्ता बरोबर नाहीत?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?"

कारण तिच्या मागे बसलं होतं. तिने मागे पाहिलं नाही. "नमुने भरताना मी तिथे नव्हते. पाणी गाळलं गेलं. लक्ष ठेवणं माझं काम होतं, मी ठेवलं नाही."

"गाळलं कोणी?" मॅनेजर लगेच म्हणाला. "अर्जदारांनीच ना? आज पाणी गाळतात, उद्या त्यात शाईची दौत ओततील. या लोकांच्या हातचं काहीच धरता येणार नाही, साहेब."

उत्तरा त्याच्या अंगावर धावून जायची बाकी राहिली. पण साहेबांना जेवायची वेळ झाली होती. त्यांनी लिहायला घेतलं: नवे नमुने सरकारी माणसासमोर, येत्या पावसाळ्यानंतर, तोवर नाला आहे तसा. म्हणजे अजून जवळजवळ एक वर्ष जांभळं पाणी. धाकूला ते हळूहळू कळलं तसा तो बाकावरच खचला.

आवडाबाई मात्र उठली. पिशवीतून कॉलेजची बाटली काढून ती थेट टेबलापाशी गेली. बाटलीत काळपट जांभळं पाणी होतं, तळाशी बोटभर गाळ.

"सायेब, आज पहाटे भरलाय. हात नाय लावला, पदर नाय लावला," ती म्हणाली, आणि कोणी अडवायच्या आत तिने बूच काढलं.

वास खोलीभर पसरला. मॅनेजरने रुमाल नाकाला लावला. टायपिस्ट बाई उठून बाहेर पळाली. साहेब खुर्ची मागे सरकवत म्हणाले, "अहो बाई, बंद करा ते. खिडकी उघडा रे कोणीतरी. आणि असं घरून आणलेलं पाणी चालत नाही इथे, घेऊन जा."

आवडाबाईने बूच लावलं. बाटली पदराखाली घेतली. साहेबांकडे तिने पाहिलंही नाही. ती उत्तराकडे बघत होती. त्या नजरेने उत्तराला कळलं, की आपणही साडीचा पदर नाकाशी घट्ट धरून उभ्या आहोत.

"बगलीस?" आवडाबाई हळू आवाजात म्हणाली. "म्हनून गालत होते, बाय."