मुरवलेला ब्रश

लातुरात गुलाम रसूल पॉलिशवाल्याच्या ब्रशला हात लावायची कुणाची टाप नव्हती. वॉर्निशचा ब्रश रंगात बुडवला एवढ्यावरून त्याने सख्ख्या मेहुण्याशी वर्षभर अबोला धरला होता. ब्रशांना शिवायची मुभा एकाच माणसाला होती, ती त्याच्या बायकोला, बेगमबीला. आणि तीही फक्त धुण्यापुरती. संध्याकाळी नवरा कामावरून आला की ती ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये, मग कोमट साबणपाण्यात धुवायची, केस बोटांनी सरळ करायची आणि कागदात गुंडाळून खिळ्याला उलटे टांगायची. घरातली भांडी तिने एवढ्या मायेने कधी घासली नसतील.

इतकी वर्षं ब्रश धुतल्यावर त्यांच्या खोडी तिला तोंडपाठ झाल्या होत्या. नायलॉनचा ब्रश पाण्याच्या रंगाला बरा, पण वॉर्निशला जनावराच्या केसांचाच हवा. केसांची टोकं फुटलेली असली की तो माल जास्त धरतो. आणि नवा कोरा ब्रश कितीही महागाचा असो, वॉर्निशमध्ये केस गाळतोच. म्हणून या घराची रीत होती: नवा ब्रश आधी अस्तराला, कपाटाच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या पेट्यांना वापरून मुरवायचा. असा काही वर्षं मुरला की मगच त्याला वॉर्निश दाखवायचं.

भूकंपानंतर गावोगावी नवी घरं उठत होती. त्या धांदलीत घेतलेला एक रुंद ब्रश गुलाम रसूलने "लई केसं गाळून राहिलाय" म्हणत अंगणात भिरकावला. बेगमबीने तो गुपचूप उचलला. शेजाऱ्यांच्या पेट्या, स्टुलं, शेळ्यांच्या खोलीचं दार, जे मिळेल त्यावर तिने तो मुरवला, आणि ब्रश मुरता मुरता तिचा हातही मुरला. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून ती बोलली नाही. एकदा तो शेजारच्या कस्तुराबाईकडे चहाला जाऊन आला आणि म्हणाला, "त्यांच्या कपाटाला कुणी वॉर्निश केलंय कुणास ठाऊक, पर माणूस जाणता हाय." बेगमबी भाकरी थापत होती. त्या दिवशीच्या भाकरी काय टम्म फुगल्या म्हणता!

मग संगमेशचं दार आलं.

संगमेश मूळचा किल्लारीकडचा. भूकंपात घर बसलं, वडील विरूपाक्ष गेले. गावभरच्या लाकडांचा एकच ढीग पडला होता आणि कुठलं लाकूड कुणाचं यावरून माणसं हमरीतुमरीवर आली होती. संगमेशने मात्र आपलं सागवानी दार खालच्या काठावरून ओळखलं. त्या काठावर अंगठ्याचा ठसा होता. शेवटचा हात ज्याने मारला त्याने ओल्या वॉर्निशवर, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी अंगठा उमटवायचा, ही गुलाम रसूलच्या बापापासूनची चाल. विरूपाक्षअप्पा येईल त्या पाहुण्याला वाकायला लावून दाखवायचे, "हा बघा, लातूरच्या रसूलचा अंगठा."

आता संगमेशने लातुरात क्लास काढला होता. नांदेडपासून पोरं शिकायला येत होती, गल्लीगल्लीत खोल्या भाड्याने जात होत्या, आणि त्याला आपल्या नव्या इमारतीला वडिलांचंच दार हवं होतं. जूनमध्ये वर्ग सुरू व्हायचे होते. पोरांच्या बाकांवर दाराच्या दोन्ही झडपा आडव्या ठेवून नवरा-बायकोने त्या घासायला घेतल्या. जुना अंगठा काचकागदाखाली झिजून गेला तेव्हा गुलाम रसूल हसला. "जाऊ दे. नवा लावू की!"

बेगमबीला मात्र हसू आलं नाही. वर्षभरापासून त्याचा उजवा हात थरथरत होता. चहाची बशी वाजायची, आणि घरात सगळे जण ती वाजत नसल्यासारखं वागायचे. हे दार साधलं नाही तर गुलाम रसूलचा हात गेला असं गावभर होणार, हे तिला कळत होतं. त्याहून आत, खोल कुठेतरी, हे दार आपल्याला करायला मिळावं असंही तिला वाटत होतं. पण ते मागायचं कसं?

गुलाम रसूलने शेवटच्या हातासाठी आपला लाडका ब्रश काढला. त्याचं नाव नवाब. तसबिरींच्या चौकटी, खुर्च्यांचे पाय यांना नवाबासारखा दुसरा नव्हता; पण आता त्याचे केस झिजून आखूड झाले होते.

"अवो, एवढ्या मोठ्या झडपेला ह्यो पुरंल का?" बेगमबीने भीत भीत विचारलं.

"नवाबानं निम्मं लातूर चमकवलंय. तू कागद घे."

मे महिन्याचं ऊन ते. नवाब जेमतेम घोटभर वॉर्निश धरायचा आणि वीतभर जाऊन कोरडा पडायचा. ब्रश पुन्हा बुडवून येईस्तोवर आधीची कड सुकलेली असायची. वरून हाताची थरथर. दुपारी पाहिलं तर झडपेवर मधोमध पट्टेच पट्टे.

संगमेश आला, झडपेभोवती एक चक्कर मारून थांबला. भला माणूस, तोडून बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "चाचा, तुम्ही दमलात. नांदेडहून फवाऱ्याचं मशीन आणणारा एक जण हाय, त्याला बोलावू का?"

"उद्याचा दिवस दे," गुलाम रसूल म्हणाला. एरवी असं कुणी बोललं असतं तर त्याने त्याची सात पिढ्यांसकट खरडपट्टी काढली असती. तो एवढ्या हळू बोलला याचंच बेगमबीला रडू आलं.

संध्याकाळपर्यंत दोघांनी पट्टे घासून काढले. घरी आल्यावर गुलाम रसूलने सगळे ब्रश चटईवर मांडले आणि एकेक तळहातावर दाबून पाहू लागला. हा फार मऊ. हा नायलॉनचा. हा अरुंद. ह्याचे केस दाबले की परत उठत नाहीत. बेगमबी दाराशी उभी होती. मग तिने पेटीच्या मागून कागदाची गुंडाळी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ब्रश दाबला, केस झटकन सरळ झाले. ओढून पाहिले, एकही हाती आला नाही. उजेडात धरून त्याने टोकं पाहिली. सगळी फुटून मऊ झाली होती. रुंद, पोट भरलेला, नीट मुरलेला.

"कुणाचा हाय ह्यो?"

"तुमचाच. अंगणात फेकला व्हता तुमी."

"ह्यो? आन् मुरवला कुणी?"

बेगमबीने पदर सारखा केला. "कस्तुराबाईच्या कपाटाला ज्यानं वॉर्निश केलं, त्यानं."

आता घर डोक्यावर घेणार, म्हणून ती तयारीतच होती. गुलाम रसूलने मात्र ब्रशाच्या केसांवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग त्याने दांडी तिच्याकडे करून तो तिला परत दिला.

"सकाळी वारं सुटायच्या आत निघू," तो म्हणाला.

सकाळी तो बाकावर बसला आणि ती उभी राहिली. ब्रशच्या फक्त पहिल्या फटकाऱ्याला तो बोलला, "दाबू नको, नुसता वाहू दे." त्यानंतर त्याला बोलायला जागाच उरली नाही. ब्रश या काठापासून त्या काठापर्यंत एका दमात जात होता, ओली कड ओल्या कडेला मिळत होती. नक्षीच्या खोबणीत बेगमबी ब्रशचं नुसतं टोक फिरवायची. वॉर्निश आरशासारखं बसत गेलं आणि सागाच्या रेषा एकेक करून वर आल्या. दोन्ही झडपा झाल्या तेव्हा कुठे तिला आपला खांदा दुखत असल्याचं कळलं.

संगमेश आला. दारावर वाकला आणि त्याचे डोळे भरले. "अप्पा असते तर..." एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "चाचा, अंगठा राहिला."

गुलाम रसूल उठला. खालच्या काठाशी जाऊन बसला. थरथरता हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

"ये," तो बेगमबीला म्हणाला.

"अवो, ती तुमच्या घराण्याची चाल हाय."

"मग? तू काय परक्या घराण्याची हाय का? शेवटचा हात ज्याचा, अंगठा त्याचा. माझ्या बापानं सांगितलेलं हाय, मोडायची न्हाई."

बेगमबी त्याच्याशेजारी बसली. तिचा अंगठा टर्पेंटाइनने भेगाळलेला होता. त्याने आपल्या बाहीने तो पुसला, धरून काठापाशी नेला आणि सोडून दिला. तिने दाबला.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. पोरांना सोडायला आलेल्या आईबापांची फाटकात गर्दी असायची. गुलाम रसूलला तिथे काही काम नव्हतं, तरी तो रोज सकाळी जायचा. कुणी दाराकडे दुसऱ्यांदा पाहिलं की त्याचा हात धरून त्याला खाली वाकवायचा.

"हा बघा," म्हणायचा, "आमच्या बेगमचा अंगठा."