पितळेचं बूच

बसा, बसा. ती फळी कोरडी आहे, तिच्यावर टेका. आमच्या दाजींनी आक्काला कशी जवळजवळ बुडवली, ते सांगतो. तोंड पाडू नका, आक्का ठणठणीत आहे. आत्ताच माझ्यावर खेकसून आत गेली.

आक्का माझी थोरली बहीण. खाडीत होडी चालवते, माणसं या काठावरून त्या काठावर सोडते. दाजी तिचा नवरा. जन्म गेला नळाच्या तोट्या बनवण्यात, त्यामुळे पितळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. होडी मात्र अल्मुनियमची. दाजी तिला डबा म्हणायचे. मी पडलो वेल्डिंगवाला, अल्मुनियमच्या बाजूचा. मी म्हणायचो, पितळेची होडी करा, तिप्पट वजन भरेल, मग काठावर ओढायला रेडे आणा. ते म्हणायचे, पितळ लेथवर कसं सुबक कापतं, आटे कसे रेखीव पडतात, आणि तुझं अल्मुनियम हत्याराला गुळासारखं चिकटतं. खोटं नव्हतं तेही.

तर होडीच्या तळाला एक बूच असतं. काठावर ओढली की ते काढायचं, आत साचलेलं पाणी वाहून जातं. जुनं प्लास्टिकचं बूच फुटलं. दाजींनी हौसेनं पितळेचं बनवलं, ते बसायची चकतीही पितळेची, आणि पितळेच्याच स्क्रूंनी तळाला आवळली. चकती आणि तळाच्या मध्ये रबर होतं, ते काढून फेकलं. तोटीवाल्याचा हिशेबच तसा. धातूवर धातू घासून बसवला की थेंब गळत नाही, रबर लागतं ते ज्याला काम येत नाही त्याला. आणि बसलंही झकास. रोज आक्का आली की दाजी फडकं घेऊन हजर, घासूनपुसून बूच आरशासारखं करायचे.

परवा दुपारी मी गेलो तर ते फडकं दोरीवर वाळत होतं. झटकलं, तर पांढरी भुकटी पडली. दाजी म्हणाले, मीठ आहे, चकतीच्या कडेला रोजच येतं. मला काही ते पटेना. चिमूटभर घेतली, पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळली. मीठ विरघळलं असतं. ही मुकाट्यानं तळाशी जाऊन बसली.

"दाजी, हे मीठ नाही," मी म्हणालो. "ही होडी आहे."

कसं असतं, हे दोन धातू आपापल्या जागी भले. खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की पितळ राहतं तसंच चकचकीत, आणि अल्मुनियम झिजून त्याची अशी पांढरी भुकटी होत जाते. दाजी रोज पुसत होते म्हणून भुकटी साचली नाही आणि कुणाला कळलंही नाही.

दाजी ताडकन उठले. आक्का तेव्हा माणसं भरून खाडीत. फोन लावला तर तो घरातच वाजायला लागला. मग काय, दोघं धावत सुटलो. काठावर उभे राहून हात हलवतोय, दाजी तर सदरा काढून हलवतायत, आणि बाई लांबून आम्हालाच हात दाखवते. तिला वाटलं, आमचं पुन्हा जुंपलंय, तिला निवाडा करायला बोलावतोय.

होडी टेकली. माणसं उतरली. एक म्हातारी तेवढी चपला शोधत बसली, तिला दाजींनी उचलूनच खाली ठेवली. मग मी वाकून चकतीला अंगठ्यानं दाबलं. बूच, चकती, भोवतालचा बोटभर पत्रा, सगळं बिस्किटासारखं मोडून निसटलं आणि भळाभळा पाणी आत. गुडघाभर पाण्यात होडी शहाण्यासारखी खाली बसली.

दाजी तसेच पाण्यात उभे, आक्काचा हात काही सोडेनात. हसतायत की रडतायत, कळायला मार्ग नाही.

आक्का म्हणाली, "अहो, सोडा आता, लोक बघतायत." पण स्वतःचा हात काही तिनं ओढून घेतला नाही.

मी काठावर येऊन चिखलातच बसलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, चिखल गादीसारखा लागला.

आता उद्या सकाळी होडी पालथी करून तळाला नवा पत्रा जोडायचाय. रबर दाजींनी स्वतःच कापून ठेवलंय. पालथी घालायला एक माणूस कमी पडतंय, तेवढे या तुम्ही. आणि एक करा, त्या रबराकडे बघून दाजींसमोर हसू नका.