धुराशिवायची रेघ

नाटकात दोन बहिणी एका घराची वाटणी करतात. वाटणीची रेघ लेझरने दाखवायची, असं दिग्दर्शकाच्या मनात आलं. पण लेझरचा किरण हवेत दिसतो कुठे? समोरच्या भिंतीवर नुसता लाल ठिपका पडतो. म्हणून त्याने धुराचं यंत्र मागवलं. धुरात किरण झकास दिसला. पण थोरल्या बहिणीचं काम करणाऱ्या मावशींना दम्याचा त्रास. दुसऱ्याच वाक्याला अशी ढास लागली की त्या मटकन खालीच बसल्या.

“जरा श्वास धरून ठेवा हो मावशी,” दिग्दर्शक खुर्चीतूनच म्हणाला. “एवढाच तर प्रवेश आहे.”

शिडीवर चढलेल्या दिवेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “श्वास धरून संवाद कसे म्हणायचे, सर? तुम्हीच म्हणून दाखवा ना!”

“तू तुझे दिवे बघ. त्यांना झेपत नसेल तर दुसरी बाई आणू.”

उभा जन्म रंगमंचावर काढलेल्या बाईला हे असं, सगळ्यांदेखत! मावशींनी मान खाली घातली. दिवेवालीला ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या वहिनीकडून काचेची भरीव, गुळगुळीत कांडी आणली आणि लेझरच्या तोंडासमोर आडवी चिकटवली. ठिपका दोन्ही बाजूंनी ताणला गेला आणि रंगमंचाच्या कडेपासून थेट मागच्या भिंतीवर चढलेली लखलखीत रेघ उमटली.

“बरी आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “पण धुराची मजा नाही.”

“माणूस गुदमरतं त्यात कसली आलीय मजा?” तिने यंत्राची वायर उपटली. धाकट्या बहिणीचं काम करणारी नटीही मावशींना खेटून बसली. “धूर असेल तर मीही नाही.”

दिग्दर्शकाने नाक मुरडलं, पण रेघ राहिली.

पहिल्या प्रयोगानंतर पाहुण्यांनी त्याला गराडा घातला. “धूर मी मुद्दाम टाळला,” तो सांगत होता. “मावशींची काळजी नको का घ्यायला?”

दिवेवाली वायर गुंडाळता गुंडाळता थांबली. मावशी डोळ्यांनी ‘नको, नको’ करत होत्या.

“सर, धूर तुम्हीच आणला होता. आणि मावशींना काढायलाही तुम्हीच निघाला होतात.”

दिग्दर्शक उगाच घड्याळ बघायला लागला.

पुढच्या नाटकाचे दिवे त्याने दुसऱ्याला दिले.

“कशाला बोललीस पोरी? पोटावर पाय आला ना,” मावशी हळहळल्या.

“येऊ दे.” तिचा राग अजून उतरला नव्हता. “ते ऐकून घेतलं असतं, तर घास तरी घशाखाली उतरला असता का?”