एलिनॉर हॅरोचा शेवटचा अंक

"या बाईवर प्रबंध उभा राहील असं मला वाटत नाही," प्रोफेसर केंट म्हणाले.

सुलेखा खानझोडेने अंगातला जाड कोटही अजून काढला नव्हता. टेबलावर तिची चार प्रकरणं पडली होती. केंट माणूस वाईट नव्हते. एलिनॉर हॅरो ही सतराव्या शतकात इंग्रजीत नाटकं लिहिणाऱ्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी एक, हे त्यांना मान्य होतं. पण तिची नाटकं तीनच, आणि आयुष्याची माहिती जवळजवळ नाही. विषय बदलावा, त्याच काळातला एखादा मोठा नाटककार घ्यावा, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सुचवलं.

हा विषय सुलेखाला प्रोफेसर हॉलंडबाईंनी दिला होता, आणि बाई आदल्याच हिवाळ्यात कॅन्सरने गेल्या होत्या. आता केंट तिचे गाइड होते, आणि तिच्या बाजूने बोलणारं डिपार्टमेंटमध्ये कुणी उरलं नव्हतं.

नागपूरला ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. नवऱ्याला, प्रतापला, गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आली. मुलगी दीपा शाळेत जायला लागल्यावर तिने ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत पीएचडीला प्रवेश घेतला, आणि मग वर्षानुवर्षं बर्फातून ड्राइव्ह करत येत राहिली. एलिनॉर तिला घरच्या माणसासारखी झाली होती. नवरा समुद्रात बुडाल्यावर ती एकटी लंडनला आली, पोटासाठी नाटक लिहायला लागली. पहिलं चाललं, तर कुणा पुरुषानेच लिहून दिलं असणार, असं लोक म्हणाले. दुसरं पडलं. तिसऱ्यात तिची विधवा नायिका शेवटी लग्नाला नकार देते. प्रेक्षकांनी आरडाओरडा करून तो शेवटचा अंक होऊच दिला नाही. त्यानंतर एलिनॉरचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी प्रतापने तिला समजावलं. "दुसरा टॉपिक घे ना. शेवटी डिग्री महत्त्वाची."

"तिला सोडून मिळालेली डिग्री घेऊन काय करू?"

प्रताप उठून भांडी आवरायला लागला.

तिने शेवटचा उपाय म्हणून त्या तिसऱ्या नाटकाचं वाचन ठेवलं. लोकांनी ते ऐकलं, केंटनी ऐकलं, तर त्यांचं मत बदलेल अशी तिला आशा होती. शनिवारी दुपारी डिपार्टमेंटचा छोटा हॉल मिळाला. नायिकेचं काम वाचायला कुणी मिळेना, म्हणून सोळा वर्षांच्या दीपाला तयार केलं. ती आधी कुरकुरली, पण पहिल्या अंकातच रंगून गेली. महाराष्ट्र मंडळातल्या मालिनीकाकू आणि त्यांचे यजमान आले, काही विद्यार्थी आले. केंटही आले आणि मागच्या रांगेत बसले.

दुसऱ्या अंकात खिडकीबाहेर काही दिसेनासं झालं. वादळ अंदाजापेक्षा लवकर आलं होतं. अंक संपल्यावर केंट उठले, रस्ते बंद होतील म्हणाले आणि दीपाचं कौतुक करून निघून गेले. त्यांच्यामागून विद्यार्थी गेले. "सुलेखा, आम्हीपण निघतो गं, लांब जायचंय," काकू ओशाळून म्हणाल्या. मग इमारतीचा माणूस आला. युनिव्हर्सिटी बंद केली होती. त्याने एकेक दिवा घालवायला सुरुवात केली.

शेवटचा अंक राहिला.

गाडी बर्फातून रांगत चालली होती. मागच्या सीटवरून दीपा हळूच म्हणाली, "मॉम, आय कॅन रीड इट टू यू ॲट होम."

"नको," सुलेखा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने केंटना विषय बदलणार नसल्याचं कळवलं आणि युनिव्हर्सिटीतून नाव काढून घेतलं. त्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. घरात कुणी हा विषय काढला नाही. प्रताप तर जास्तच जपून वागायला लागला. ते तिला सगळ्यात जड जायचं.

उन्हाळ्यात ट्रॉयमधल्या एका विमा ऑफिसात टायपिंगची जागा निघाली. मुलाखत घेणारी मुलगी दीपापेक्षा थोडीच मोठी असेल. तिने हसून विचारलं, गेली काही वर्षं तुम्ही काय करत होता?

सुलेखाने पर्स मांडीवर नीट ठेवली.

"काही नाही," ती म्हणाली, "घरीच होते."

मुलीने मान डोलावली आणि सोमवारपासून येता येईल का, ते विचारलं.